शीआनमध्ये एकच दिवस असेल तर संग्रहालय शेवटाकडून पाहा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब शीआनला दोन दिवस आहे. पहिला दिवस मातीच्या सैन्यासाठी ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी शान्शी इतिहास संग्रहालय पाहावं का? पुण्यातलं केळकर संग्रहालय दोन-अडीच तासांत होतं, इथे खरंच पूर्ण दिवस लागतो का? बरोबर अकरा वर्षांची मुलगी आहे, ती कंटाळणार नाही ना? शिवाय चिनी येत नाही आणि घरातले सगळे शाकाहारी आहेत.

नक्की जा आणि दिवस पूर्ण द्या. मातीचं सैन्य भव्य आहे, पण ते एका राजाच्या मृत्यूसाठी केलेलं काम आहे. माणसं कशी राहत होती, काय खेळत होती, कुठून आलेल्या पाहुण्यांना भेटत होती, कोणती औषधं चांदीच्या डब्यांत जपून ठेवत होती, हे कळतं ते या संग्रहालयात. मी भित्तिचित्रांच्या संवर्धनात काम केलेला माणूस आहे, त्यामुळे माझा कल चित्रांकडे झुकलेला दिसेल. तो मी लपवत नाही. पण चित्रांत रस नसलेल्या लोकांनाही मी हाच सल्ला देत आलो आहे.

आधी तिकिटाचं, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. मुख्य दालनांना प्रवेश मोफत आहे, पण नाव आणि पासपोर्ट क्रमांक देऊन आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. रोजची संख्या ठरलेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवीन तारीख खुली झाली की काही मिनिटांत जागा संपतात. नोंदणीचं पान मुख्यतः चिनी भाषेत असतं, म्हणून हॉटेल ठरवतानाच तिथल्या स्वागतकक्षाला मेल करून मदत मागा. परदेशी पाहुण्यांसाठी हे काम त्यांना नेहमीचं असतं. वेगळं तिकीट असलेल्या खास दालनांचा कोटा वेगळा असतो, तेव्हा मोफत जागा मिळाली नाही तरी ते दालन मिळतं का हे लगेच विचारा. तसंही ती दालनं तुम्हाला घ्यायचीच आहेत. सोमवारी संग्रहालय बंद असतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा ही तिथली राष्ट्रीय सुट्टी, तो शक्य असेल तर टाळाच. दारावर मूळ पासपोर्ट लागतो, मुलीचासुद्धा, झेरॉक्स चालत नाही.

आणखी एक सावधगिरी. 2024 मध्ये याच संग्रहालयाची छिन आणि हान या जुन्या राजघराण्यांच्या काळाला वाहिलेली मोठी शाखा शहरापासून दूर सुरू झाली आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं संग्रहालयाचं नाव सांगितलंत तर घोटाळा होऊ शकतो. तुम्हाला जायचंय ते श्याओजाईजवळच्या जुन्या इमारतीत. मेट्रोच्या श्याओजाई स्थानकावर उतरा आणि पूर्वेकडे चालत जा. फोनवरचा नेहमीचा गूगल नकाशा तिथे कामाला येत नाही. चिनी नकाशाचं ॲप आणि भाषांतराचं ऑफलाइन पॅक भारतातूनच टाकून न्या. पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅटला आपलं कार्डही निघण्यापूर्वीच जोडून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. संग्रहालयाची रचना काळानुसार आहे: आधी अश्मयुग आणि चौ घराण्याची कांस्यभांडी, मग छिन, हान, त्यानंतर स्वै आणि तांग. पाहणारा सकाळी उत्साहात असतो, दगडी हत्यारांपाशी अर्धा तास रमतो, कांस्याच्या प्रत्येक भांड्याचा फोटो काढतो, आणि तांग काळ येईपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात. खरं तर या शहराचं वैभव तिथेच आहे. म्हणून माझा क्रम उलटा: दार उघडताच हज्याछूनचा ठेवा, म्हणजे त्या गावात पुरलेलं सापडलेलं तांग काळातलं सोनंचांदी, मग भित्तिचित्रं, मग जेवण, त्यानंतर तांगचं मुख्य दालन, आणि उरलेल्या शक्तीत त्याच्या मागचे काळ. त्यातलं काही राहिलं तर राहू द्या.

या इमारतीची जागा लक्षात घेतली की हा क्रम का, ते पटेल. आज शीआनमध्ये ज्या भिंतीवर लोक सायकल चालवतात ती मिंग काळातली, चौदाव्या शतकात बांधलेली आहे. पर्यटक तेवढ्यालाच जुनं शहर समजतात. संग्रहालय त्या भिंतीच्या बाहेर, दक्षिणेला आहे. पण तांग घराण्याची राजधानी छांगआन त्याहून कितीतरी मोठी होती, जवळजवळ 84 चौरस किलोमीटर, आखीव चौकोनी पेठांची. संग्रहालय त्या जुन्या नगराच्या आतच उभं आहे. 1991 मध्ये खुली झालेली ही इमारत वास्तुकार चांग चिनछ्यू यांनी तांग राजवाड्यांच्या धाटणीवर बेतली. रुंद छपरं, राखाडी-पांढरे रंग, कुठेही भडकपणा नाही. आत शिरल्यावर समोर येणारा प्रचंड दगडी सिंह प्रतिकृती आहे. मूळ सिंह सम्राज्ञी वू त्सत्यान हिच्या आईच्या समाधीपाशी आहे. सगळी गर्दी तिथे फोटोसाठी थांबते, तुम्ही पुढे निघा.

हज्याछून हे शहराच्या दक्षिण भागातलं गाव. ऑक्टोबर 1970 मध्ये तिथे इमारतीच्या पायासाठी खणताना दोन मातीचे रांजण आणि एक चांदीचं भांडं सापडलं. त्यात हजाराहून जास्त वस्तू भरलेल्या होत्या: सोन्याचांदीची पात्रं, रत्नं, नाणी, औषधं. कुणीतरी घाईने पुरून गेलं आणि परत आलंच नाही. कुणी, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. काही जण 755 मध्ये सुरू झालेल्या आन लुशान या सेनापतीच्या बंडाशी त्याचा संबंध जोडतात, काही जण 783 च्या सैनिकी उठावाशी, आणि सरकारी महसूल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने तो पुरला असं म्हणतात. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण ठेव्यात करापोटी जमा झालेल्या चांदीच्या चकत्या आहेत, त्यांच्यावर कुठल्या प्रांतातून, कुठल्या वर्षी आल्या ते कोरलेलं आहे. एखाद्या घरच्या दागिन्यांत असा माल सहसा नसतो.

या दालनात चार ठिकाणी थांबा. पहिलं, अकीकातून कोरलेलं पशुमुखी शृंगपात्र. लालसर-तपकिरी दगडातल्या पांढऱ्या पट्ट्यांचा कलाकाराने पशूच्या अंगासाठी असा वापर केला आहे की दगड आधी की आकार आधी, असा प्रश्न पडावा. तोंडाला सोन्याची टोपी आहे, ती काढली की पेय खालून वाहतं. हा घाट इराणकडचा. 2002 मध्ये चीनने ज्या 64 वस्तू कधीच परदेशी प्रदर्शनाला पाठवायच्या नाहीत असं ठरवलं, त्यांत हे पात्र आहे. म्हणजे हे पाहायचं तर शीआनलाच यावं लागतं.

दुसरं, नाचणाऱ्या घोड्याची चांदीची सुरई. भटक्या टोळ्यांच्या चामडी पखालीचा आकार, आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला घोडा मागचे पाय दुमडून, तोंडात प्याला धरून बसलेला. तांग सम्राट श्वानत्सुंगच्या वाढदिवसाला असे शिकवलेले घोडे संगीतावर नाचत आणि शेवटी प्याला धरून सम्राटाला अभिवादन करत, हे जुन्या कवितांमध्ये होतं. सुरई सापडली आणि कवितेला वस्तूचा पुरावा मिळाला. या घोड्यांचा शेवट वाईट झाला. बंडानंतर काही घोडे एका सेनापतीच्या तबेल्यात गेले. ते कोण आहेत हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. एकदा छावणीत वाद्यं वाजू लागली आणि घोडे नाचायला लागले. सैनिकांना वाटलं, भूतबाधा झाली. त्यांनी झोडपायला सुरुवात केली. घोड्यांना वाटलं, आपलं नाचणं चुकतंय, म्हणून ते आणखी नीट नाचत राहिले, मरेपर्यंत. मुलीला ही गोष्ट सुरईसमोर उभं राहून सांगा, पण थोडी जपून.

तिसरं, जाळीदार चांदीचा धूपगोल. मुठीत मावेल एवढा. आत दोन कड्या एकमेकींत अडकवून त्यात धुपाची वाटी बसवली आहे. गोल कसाही फिरवला तरी वाटी सरळच राहते, निखारा सांडत नाही. जहाजावरचं होकायंत्र ज्या तत्त्वावर स्थिर राहतं तेच हे तत्त्व, आणि इथे ते अंगाला सुवास यावा म्हणून वापरलं आहे. मुलीला आधी विचारा, निखारा का सांडत नसेल? उत्तर तिला काचेतूनच दिसेल.

चौथं ठिकाण बहुतेक जण दोन पावलांत ओलांडतात: नाणी. इथे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचं चांदीचं नाणं आहे, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसचं सोन्याचं नाणं आहे, जपानची नाणी आहेत. मराठी माणसाने खुस्रोपाशी थोडं थांबावं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या उंच टोप्यांच्या परकीय पाहुण्यांच्या चित्राला एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभ्यासक फर्ग्युसनने ‘पुलकेशीच्या दरबारी खुस्रोचा वकील’ असं म्हटलं आणि ती समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांत बराच काळ टिकली. आता ते लेणं पाचव्या शतकातलं मानतात, त्यामुळे तो अर्थ टिकत नाही. पण खुस्रो आणि बदामीचा दुसरा पुलकेशी हे समकालीन होते, हे खरंच. त्याच खुस्रोचं नाणं छांगआनमध्ये एका रांजणात पुरलेलं सापडतं. सातव्या शतकातलं जग किती जोडलेलं होतं, हे एवढ्याशा चांदीतून कळतं.

आता भित्तिचित्रांकडे. या दालनाचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, म्हणून लोक ते टाळतात. कुठे पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

2011 मध्ये इटलीच्या सहकार्याने हे दालन तयार झालं. चित्रं तांग राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या थडग्यांतून काढलेली आहेत. थडगं उघडलं की शतकानुशतकं स्थिर असलेली आतली हवा बदलते, क्षार पृष्ठभागावर येतात, बुरशी धरते, गिलावा सुटायला लागतो. म्हणून चित्रावर कागद आणि कापड डिंकाने चिकटवायचं, मागून माती कापत तुकडा भिंतीपासून सोडवायचा, आणि मग त्याला नवी पाठ द्यायची, असं काम विसाव्या शतकात इथे मोठ्या प्रमाणावर झालं. चित्रांच्या कडांकडे पाहा. सरळ कापलेल्या रेषा दिसतील, त्या करवतीच्या. थडग्यात आज तुम्ही गेलात तर तिथे प्रतिकृती असतात.

अजिंठ्याशी तुलना इथे अटळ आहे. दोन्हीकडे मातीचा गिलावा आणि वर चुन्याचा पातळ हात. आपल्याकडे मातीत वनस्पतींचे तंतू आणि तूस, तिकडे पेंढा. दोन्हीकडे रंग सुकलेल्या पृष्ठभागावर बंधकाच्या आधाराने लावलेले, म्हणून दोन्हीकडे पाण्याची भीती सारखीच. फरक काळजाला लागतो तो असा की अजिंठ्याची चित्रं पाहण्यासाठी काढली होती आणि ही चित्रं कुणीच पाहू नयेत म्हणून. दार बंद झालं की कायमचा अंधार. तरीही चित्रकाराने हयगय केलेली नाही. एका बाजूने तिरपं उभं राहून पाहिलंत तर रंगाच्या आधी टोकदार काडीने ओल्या थरात ओढलेली कच्ची रेघ दिसते, आणि काही ठिकाणी पक्की रेघ त्या कच्च्या रेघेपासून सरकलेली दिसते. चित्रकाराने तिथे आपला विचार बदलला. मला या सरकलेल्या रेघा चित्राच्या विषयाइतक्याच मोलाच्या वाटतात.

इटलीचा उल्लेख वर आला म्हणून सांगतो. अजिंठ्याला निजामाच्या बोलावण्यावरून 1920 च्या सुमारास इटालियन संवर्धक लॉरेन्झो चेकोनी आला होता. सुटलेला गिलावा त्याने जागेवर धरून ठेवला, ते काम मोठं होतं. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा-काळा पडत गेला. शीआनमध्ये बंद काचपेट्यांत तापमान आणि आर्द्रता सांभाळलेली चित्रं पाहताना आमच्या धंद्याचा शंभर वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढून जातो.

आत उजेड मंद आहे. शिरल्यावर पाच मिनिटं काहीच पाहू नका, डोळे सरावू द्या. मग राजपुत्र चांगह्वाय याच्या थडग्यातल्या चित्रांकडे जा. सम्राज्ञी वूचा हा मुलगा. 684 मध्ये त्याला आत्महत्या करायला भाग पाडलं गेलं आणि आईच्या मृत्यूनंतर, 706 मध्ये, मानाने पुन्हा पुरलं. पोलोच्या चित्रात घोड्यांच्या शेपट्या गाठ मारून बांधलेल्या आहेत, काठी अडकू नये म्हणून. एक स्वार धावत्या घोड्यावरून मागे वळून चेंडू मारतो आहे. परकीय दूतांच्या चित्रात डावीकडे तीन दरबारी अधिकारी आपसात बोलण्यात गढलेले, आणि त्यांच्या मागे तीन पाहुणे ताटकळलेले: एक टक्कल पडलेला, खोल डोळ्यांचा आणि लांब नाकाचा, एक पिसांची टोपी घातलेला, तो बहुधा कोरियातला, आणि एक केसाळ टोपीवाला उत्तरेकडचा. सरकारी कचेरीत ज्याने कधी वाट पाहिली आहे त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. तिसरं चित्र तीन दरबारी स्त्रियांचं. एक उडणाऱ्या हुदहुदकडे पाहते आहे, एक झाडावरचा किडा पकडायला हळूच हात पुढे करते आहे, आणि तिसरी दोघींकडेही लक्ष न देता शून्यात बघत उभी आहे. राजवाड्यातला कंटाळा इतक्या थोड्या रेषांत मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या दोन दालनांत साडेतीन-चार तास सहज जातात. मग जेवा.

शाकाहारी जेवणाचं सांगतो. हॉटेलातून चिनी लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, अंडी, कोंबडीच्या अर्काची पूड आणि डुकराची चरबी नको. ही शेवटची दोन नावं लिहिली नाहीत तर भाजीतही ती येऊ शकतात. शीआनचं ल्यांगफी हे थंड नूडल्सचं खाणं बहुधा निर्मांस असतं: गव्हाच्या सत्त्वाच्या पट्ट्या, काकडी, व्हिनेगर, तिखट तेल. आपल्या जिभेला लगेच आवडतं. रुंद पट्टीच्या, वरून कडकडीत तेल ओतलेल्या नूडल्स मिळतात, त्यात खिमा नको हे मात्र आवर्जून सांगा. मुस्लिम पेठेत बहुतेक ठिकाणी मटण असतं. बौद्ध पद्धतीची शाकाहारी उपाहारगृहं शोधलीत तर तिथे कांदा-लसूणही नसतो. सोबत कुणी जैन असेल तर ही मोठी सोय आहे. गरम पाणी सगळीकडे मिळतं, थर्मास न्या.

दुपारी तांगच्या मुख्य दालनात तीन रंगांच्या झिलईचा उंट शोधा, त्याच्या पाठीवर अख्खा वाद्यवृंद बसला आहे. 1959 मध्ये एका थडग्यात सापडला. मुलीला मोजायला सांगा: कडेने बसलेले सात वादक आणि मध्ये उभी गाणारी. वेश चिनी, पण बरीच वाद्यं मध्य आशियातून आलेली. छिन काळातलं व्याघ्रपत्र संग्रहालयात मांडलेलं असेल तर तेही चुकवू नका: कांस्याच्या छोट्या वाघाचा अर्धा भाग, अंगावर सोन्याने भरलेली 40 अक्षरं. उजवा अर्धा राजाकडे, डावा ‘तू’ नावाच्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे. पन्नासाहून जास्त सैनिक हलवायचे तर दोन्ही अर्धे जुळलेच पाहिजेत, अपवाद फक्त धोक्याचा जाळ पेटला तर. वस्तूंची अदलाबदल चालते, म्हणून नाही दिसला तर हिरमुसू नका. कांस्यभांडी मी इथे सोडून देतो. ती उत्तम आहेत, पण एका दिवसात सगळं मावत नाही.

चार वाजता बाहेर पडा आणि तसेच पूर्वेकडे चालत मोठ्या जंगली हंसांच्या मनोऱ्याकडे जा. अंतर चालण्याजोगं आहे. हा मनोरा 652 मध्ये श्वानत्सांगने, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या ह्युएन त्संगने, भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी बांधवला. 645 मध्ये तो 657 ग्रंथ घेऊन परतला होता. त्याआधी, 641 च्या सुमारास, तो महाराष्ट्रात येऊन गेला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात, आणि हरलेल्या सेनानीला शिक्षा म्हणून बायकांचे कपडे देतात. राजा पुलकेशीपुढे हर्षाचं काही चाललं नाही, हेही त्यात आहे. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचं, दारापाशी दगडी हत्ती असलेल्या, त्याने केलेलं वर्णन बहुतेक अभ्यासक अजिंठ्याचं मानतात. तो तिथे स्वतः गेला की ऐकून लिहिलं, यावर वाद आहे.

मनोऱ्यावर चढायचं वेगळं तिकीट आहे. वरून शहर दिसतं, पण उंच इमारतींनी आता बरंच झाकलं आहे. मी चढण्याऐवजी खाली, दक्षिण दाराच्या दोन बाजूंच्या कोनाड्यांत बसवलेले शिलालेख पाहायला सांगेन. एकात सम्राट थायत्सुंगने श्वानत्सांगच्या अनुवादांना लिहिलेली प्रस्तावना आहे, दुसऱ्यात त्याचा मुलगा काओत्सुंग याचा मजकूर, दोन्हींची अक्षरं सुलेखनकार छू स्वैल्यांगच्या हातची, वर्ष 653. लिपी वाचता येत नसली तरी पातळ, सडसडीत फटक्यांत शेवटाला येणारा जोर नजरेला कळतो.

मुलीच्या कंटाळ्याबद्दल शेवटचं. दोन दालनांच्या मध्ये अर्धा तास बाहेरच्या अंगणात बसवा, एक वही आणि पेन्सिल द्या, आणि दिवसभरात फक्त तीनच वस्तू काढायला सांगा, त्या तिच्या तिने निवडायच्या. संग्रहालयाच्या दुकानात काही घ्यायचं असेल तर ते चित्रं काढून झाल्यावर. आधी घेतलं तर उरलेला दिवस ती पिशवीतच पाहत राहील.